घरात मांजरं असताना दारात नवं मांजर येतं तेव्हा

दाराशी किंवा खिडकीच्या कठड्यावर एखादं अनोळखी मांजर लागोपाठ तीन-चार दिवस दिसायला लागलं, की ते चुकून आलेलं नाही हे समजावं. ज्या घरात आधीच मांजरं आहेत तिथे हे हमखास होतं. मासे उकडल्याचा, मांजरांच्या शी-सूच्या ट्रेचा, त्यांच्या अंगाचा वास बाहेरपर्यंत जातो आणि इथे पोटाची सोय होऊ शकते हे त्या मांजराला बरोबर कळतं. मग घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, "किती अशक्त झालंय, घ्या ना आत." कुणी म्हणतं, "हाकला, नाहीतर आणखी चार येतील." आत घेण्याची घाई नको आणि हाकलणंही नको.

घरी दोन किंवा जास्त मांजरं आहेत आणि असा पाहुणा पहिल्यांदाच आला आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं एकच आहे, क्रम मोडू नका. आधी घरातल्या मांजरांच्या लसी, मग पाहुण्याचं खाणं बाहेर आणि अंतरावर, मग त्याची नसबंदी. त्याला घरात घ्यायचं की नाही, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमका हाच प्रश्न आधी सोडवला जातो आणि बाकीचं अंगाशी येतं.

आधी ते कोण आहे ते बघा

दुरून बघा. हात लावायची काही गरज नाही. माणूस दिसल्यावर शेपूट उभं करून जवळ येत असेल, पायाला अंग घासत असेल, तर ते कधीतरी कुणाच्या घरात राहिलेलं आहे. हरवलेलं असू शकतं, किंवा शेजारच्या बिल्डिंगमधलं खाऊनपिऊन सुखी मांजर फेरफटका मारत असू शकतं. गळ्यात कागदाची सैलसर पट्टी अडकवून द्या, ओढली तर सहज फाटेल अशी. तिच्यावर लिहा, "हे मांजर तुमचं आहे का? आमच्याकडे रोज येतं," आणि खाली फोन नंबर. मालक असेल तर बऱ्याचदा त्याच दिवशी फोन येतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका, वॉचमन आणि कचरा गोळा करणाऱ्या मावशींना विचारा. कुठलं मांजर कुठल्या जिन्याखाली झोपतं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

मग कान बघा. एका कानाचं, बहुतेक वेळा डाव्या, टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. ती जखम नव्हे, लांबून ओळखता यावं म्हणून ऑपरेशनच्या वेळी केलेली खूण आहे. गाल फुगलेले, मान जाड, डोक्यावर जुन्या ओरखड्यांचे व्रण असतील तर तो नसबंदी न झालेला बोका. पोट लोंबतंय, सड मोठे आणि गुलाबी आहेत, आजूबाजूचे केस गेलेत, तर ती पिल्लांना पाजणारी आई आहे आणि पिल्लं जवळपास कुठेतरी, बंद पडलेल्या गाडीखाली नाहीतर मीटरच्या खोलीत आहेत. अशा मांजरीला दया येऊन घरात कोंडलं तर पिल्लं उपाशी मरतात. तिला खायला द्या, जाऊ द्या, आणि ती कुठल्या दिशेला जाते ते बघून ठेवा.

घरातल्यांची लसीची पुस्तिका काढा

कपाटातून पुस्तिका काढा आणि तारखा बघा. लस राहून गेली असेल तर पाहुण्याच्या वाटीआधी डॉक्टरांची वेळ घ्या.

पॅनल्युकोपेनिया हे त्याचं मोठं कारण. बोलण्यात याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. उलट्या, जुलाब, ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येणं. लहान पिल्लं तर दोन दिवसांत हातची जातात. हा विषाणू मांजराबरोबर मरत नाही. फरशीच्या फटीत, पायपुसण्यात, चपलेच्या तळाला तो महिनोन्महिने टिकतो. म्हणजे तुमची मांजरं कधीच बाहेर जात नसली तरी तुम्ही जाता, आणि तेवढं त्याला पुरतं. ट्रायकॅट म्हणून जी तीन रोगांची लस देतात, तिच्यात याच्याबरोबर हर्पिस आणि कॅलिसी हे सर्दी, शिंका, डोळे चिकटणं, तोंडात फोड येणं असले त्रास देणारे दोन विषाणूही येतात. पिल्लांना ती साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवडे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. एकच डोस देऊन थांबलात तर संरक्षण अर्धवट राहतं. रेबीजची लस वेगळी असते, तीही हवीच.

या तीन रोगांच्या लशीत ल्युकेमियाच्या विषाणूपासून, म्हणजे एफईएलव्हीपासून, संरक्षण नसतं. तो लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं एवढं त्याला चालतं. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून जातो, म्हणून भांडखोर बोक्यांत जास्त सापडतो. दोन्हींसाठी रक्ताच्या थेंबावर दवाखान्यातच तपासणी होते. पाहुण्याला घरातल्यांच्या वाटीत तोंड घालू द्यायचं नाही, ते याच कारणाने.

स्वच्छतेबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते. फिनाईल आणि डेटॉलसारखी, पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी द्रावणं मांजरांच्या घरात वापरू नका. त्यांतली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि फरशी पुसल्यावर पंजे चाटले की ती पोटात जातात. शिवाय पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूला त्यांनी काहीही होत नाही. त्यासाठी साधं ब्लीच लागतं. आधी साबणाने घाण काढायची, मग एक भाग ब्लीचला साधारण तीस भाग पाणी करून जागा दहा मिनिटं ओली ठेवायची, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायची. तोवर मांजरं दुसऱ्या खोलीत. आणि बाथरूमचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

खाणं द्या, पण दारात नको

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये लाकडी दार दिवसभर उघडं आणि सेफ्टी डोअर बंद असतं. पाहुणा जाळीच्या बाहेर, आपली मांजरं जाळीच्या आत, आणि नाकाला नाक. बघायला गोड वाटतं. पण सर्दीच्या विषाणूला एवढं अंतर भरपूर झालं, शिवाय जाळीतून पंजा मारला जातो तो वेगळाच. म्हणून खाण्याची जागा दारापासून आणि खिडकीपासून लांब ठेवा. खाली जिन्यामागे, कंपाउंडच्या कोपऱ्यात, घर स्वतंत्र असेल तर परसात. तुमच्या मांजरांना ती जागा आतून दिसता कामा नये.

वेळ ठरवून द्या. पाहुण्याने अर्ध्या तासात खाल्लं की वाटी उचला, नाहीतर मुंग्या, घुशी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी तिन्ही येतात. त्याची वाटी वेगळी, धुवायची घासणीही वेगळी. परत आल्यावर चप्पल बाहेर आणि हात साबणाने धुवून मगच घरातल्यांना हात लावायचा.

दूध देऊ नका. आपल्याकडे मांजर म्हटलं की बशीभर दूध हे डोक्यात पक्कं बसलंय, पण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ते पचत नाही आणि उपाशी मांजराला जुलाब लागले की ते आणखी खंगतं. उकडलेलं चिकन किंवा मासा, मीठ-मसाल्याशिवाय, काटे काढून. नाहीतर मांजरांचं कोरडं खाणं. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाजूला स्वच्छ पाणी. वैशाखात अन्नापेक्षा पाण्याची गरज जास्त असते.

शेजारी कुरकुर करतील. त्यांच्याशी भांडू नका, जागा स्वच्छ ठेवा आणि नसबंदीची तारीख सांगा. पोत्यात घालून लांब सोडून यायचा सल्ला मात्र कुणी दिला तर तिथेच थांबवा. अनोळखी भागात टाकलेलं मांजर तिथल्या मांजरांच्या, कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, नाहीतर परत यायच्या धडपडीत रस्त्यावर मरतं, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं मांजर येतं. विष घालणं किंवा इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा १९६० चा कायदा आहेच.

घरातल्यांना काय होतंय तिकडे लक्ष द्या

पाहुण्याच्या काळजीत हे राहून जातं. मला तर सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आमच्याकडची गोष्ट सांगते. बंड्या आणि चिंगी सख्खी भावंडं, जन्मापासून एकमेकांच्या अंगावर झोपणारी. एका दुपारी बंड्या खिडकीत बसला होता आणि बाहेरच्या कठड्यावर पिवळा बोका येऊन उभा राहिला. बंड्याचं शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखं फुललं, घशातून खर्जातला आवाज निघायला लागला. बोका निघून गेला. तेवढ्यात चिंगी नेहमीसारखी त्याच्याजवळ गेली आणि बंड्या तिच्यावर तुटून पडला. केसांचे पुंजके, किंकाळ्या, भीतीने चिंगीला जागेवरच सू झाली. दोघांमध्ये सोफ्याची उशी घालून मी त्यांना वेगळं केलं.

राग बाहेरच्या मांजराचा असतो, निघतो मात्र हाताशी असलेल्यावर. अशा वेळी मध्ये हात घालू नका, समजावायला उचलून घेऊ नका. उशी, पुठ्ठा, जाड टॉवेल मध्ये सरकवा आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, अंधार करून, शांत राहू द्या. काहींना दोन तास पुरतात, काहींना पूर्ण दिवस लागतो. दोघंही नीट खायला लागेपर्यंत भेट नको. चिंगीला तर बंड्याशी पुन्हा ओळख करून द्यावी लागली, नव्या मांजराची करून देतात तशीच. आणि ती खिडकी आम्ही खालून अर्धी बटर पेपरने झाकली. उजेड येतो, कठडा दिसत नाही.

दुसरी खूण म्हणजे दाराच्या चौकटीवर, पडद्यावर, चपलांच्या कपाटावर मारलेली मुताची पिचकारी. उभ्या पृष्ठभागावर, दार-खिडकीच्या आसपासच असेल तर बाहेरच्या मांजराविरुद्ध घातलेली ती हद्द आहे. मारू नका, ओरडू नका. जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने धुवा, बाहेरच्या बाजूने दारही धुवा, कारण बोक्याने तिकडूनही आपली सही केलेली असते. घरातला कुणी अजून नसबंदीविना असेल तर ते काम आता पुढे ढकलू नका.

आणि बोक्यांच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि सू होत नाहीये, तर लघवीची वाट अडली आहे. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन हे होऊ शकतं. उद्या सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. उशीर झाला तर यात जीव जातो.

पकडणं आणि नसबंदी

पाहुणा घरात येवो न येवो, हे करायचंच. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत वितेही, आणि पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. बोक्याची नसबंदी झाली की भांडणं, रात्रीच्या आरोळ्या आणि पिचकाऱ्या बहुतेक वेळा खूप कमी होतात, मात्र लगेच नाही, काही आठवडे जावे लागतात.

आधी दवाखान्याची किंवा संस्थेची तारीख घ्या, मग पकडायला जा. उलटं केलंत तर घाबरलेलं मांजर पिंजऱ्यात आणि डॉक्टर सुट्टीवर, अशी वेळ येते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेने संस्थांच्या मदतीने मांजरांच्या नसबंदीचं काम केलेलं आहे. तुमच्या प्रभागात सध्या काय चालू आहे ते पशुवैद्यकीय विभागात विचारा. मांजर पकडायचा पिंजरा बऱ्याच संस्था चार दिवस वापरायला देतात.

पिंजरा आणल्या आणल्या लावू नका. दार उघडं बांधून ठेवा आणि रोजचं खाणं आधी पिंजऱ्याजवळ, मग तोंडाशी, मग पार आत सरकवा. ते निवांत आत जाऊन खायला लागलं की ठरलेल्या दिवशी दोरी सोडायची. आमिषाला भाजलेलं सुकट किंवा बोंबलाचा तुकडा, चिमूटभरच. खारट असतं, पण वासाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दार पडल्याबरोबर पिंजऱ्यावर जुनी चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते. भूल द्यायची असल्याने आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, पिल्लांसाठी ही वेळ कमी असते. पाजणारी मांजरी असेल तर पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांबा.

भुलीखाली असतानाच बाकीची कामंही उरकून घ्या. एफआयव्ही-एफईएलव्ही तपासणी, रेबीजची लस, ट्रायकॅट, जंताचं औषध, पिसवांचं औषध, कानातल्या किड्यांची तपासणी, आणि कानाची खूण. जागं असताना त्याला पुन्हा हात लावता येईलच असं नाही. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध कधीही टाकू नका, त्यातलं पर्मेथ्रीन मांजराचा जीव घेतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका, तोही मांजराला विषच आहे.

ऑपरेशननंतर बोक्याला निदान एक रात्र आणि मांजरीला जमतील तितके दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवा. बाथरूम चालेल, फक्त बादली भरलेली नको.

चावलं किंवा खोल ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. शिवाय मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम मिटली तरी आत पू होतो. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्या कुणीतरी, रोजच्या रोज साफ करायचा. मांजराच्या शीतून येणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोका असलेल्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी बाहेर पडल्यावर निदान एक दिवस तरी संसर्ग करत नाहीत.

आता ठरवा: आत की बाहेर

घरात पाच मांजरं आणि दोन खोल्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. नसबंदी करून, बाहेर खाऊ घालून तुम्ही त्या मांजराचं मोठं काम आधीच केलेलं आहे. तपासणीत ल्युकेमिया निघाला तर घरातल्यांत मिसळण्याचा प्रश्नच येत नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा आणि तोवर वेगळं ठेवा. एफआयव्ही निघाला तर दारं बंद झाली असं समजू नका. अशी मांजरं वर्षानुवर्षं चांगली जगतात, आणि भांडणं न करणाऱ्या, नसबंदी झालेल्या घोळक्यात तो पसरण्याचा धोका कमी असतो. आणि रस्त्यावरच मोठं झालेलं, माणसाला बघून पळणारं मांजर खोलीत सुखी होईल असं धरून चालू नका.

घ्यायचं ठरलं, तर पहिले १४ दिवस पूर्ण वेगळी खोली, पक्क्या दाराची. पॅनल्युकोपेनियाची लक्षणं बहुधा या मुदतीत दिसून येतात. शिंका, जुलाब, अंगावर गोल चट्टे (नायटा असेल तर तो घरातल्या मुलांनाही होतो) बघत राहा. त्याची वाटी, ट्रे, चादर, झाडू वेगळा. घरातल्यांचं सगळं आधी आवरायचं, त्याचं नंतर.

नंतर ओळख, आणि ती नाकाने सुरू होते. नव्याच्या गालावरून स्वच्छ फडकं फिरवा आणि ते घरातल्यांच्या खाण्याच्या वाटीशेजारी ठेवा. त्यांचं फडकं त्याच्या खोलीत. फिस्कारून निघून गेले तर फडकं थोडं लांब ठेवा. वास घेऊन खायला बसले की एक पायरी झाली. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या. मग खोल्यांची अदलाबदल, तो घरभर फिरतो आणि घरातली त्याच्या खोलीत. आता सेफ्टी डोअर किंवा जाळी उपयोगी येते, काही मिनिटं, दोन्हीकडे आवडतं खाणं ठेवून.

सगळ्यांशी एकदम भेट घालू नका. घरातल्यांपैकी जो सगळ्यात शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, तो पहिला. त्याच्याशी जमलं की दुसरा. घरावर राज्य करणारी मांजरी शेवटी. फिस्कारणं, एखादा हवेतला पंजा चालतो. डोळे न मिटता रोखून बघणं, अंग जमिनीला टेकवून सरकणं, खर्जातली गुरगुर दिसली की मध्ये पुठ्ठा घाला आणि एक पायरी मागे या. एखाद्या घरात हे दोन आठवड्यांत होतं, एखाद्यात चार महिने लागतात, आणि काही जोड्या कधीच मित्र होत नाहीत, फक्त एकमेकांना सोडून देतात. तेही चालतं.

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि एकाच कोपऱ्यात रांगेने नकोत, नाहीतर एक दांडगट सगळ्यांची वाट अडवतो. वाट्याही एकमेकांच्या नजरेआड. उंच जागा जितक्या असतील तितकं बरं. कपाटाच्या वरचा पसारा काढलात तरी एक मजला वाढतो. खिडक्यांना जाळी पक्की हवी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर चावून तोडतं.

बाहेरच ठेवायचं ठरलं, तर पावसाळ्याची सोय मे महिन्यातच करा. मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणा, धुवून वाळवा, मांजर जेमतेम जाईल एवढं भोक पाडा, दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून पाणी शिरणार नाही. आत पेंढा घाला, कापड नको, ते ओलं राहतं. पावसात मांजरं गरम इंजिनाजवळ शिरतात, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला वॉचमनलाही सांगून ठेवा. गणपतीत किंवा दिवाळीत गावाला जाणार असाल तर खाणं घालायला एक माणूस ठरवा, मांजराला त्याची सवय व्हावी म्हणून जायच्या आधी चार दिवस त्यालाच वाटी ठेवू द्या, आणि डॉक्टरांचा नंबर त्याच्याकडे देऊन जा.